बाळाची पहिली तीन वर्षे : घरातच काय शिकते, कधी दाखवायचे



वस्तीत आरोग्य बैठक घेतली की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "सिस्टर, शेजारणीचं बाळ नवव्या महिन्यात उभं राहिलं. आमचं अजून नुसतं बसतंय. काही कमी आहे का?" दुसरा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारत नाही. "आमचं लेकरू दोन वर्षांचं झालं. हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही. दाखवायचं का?" पहिल्या घरात बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. दुसऱ्या घरात "बापही उशिराच बोलला होता" म्हणत वर्ष निघून जाते, आणि ते वर्ष परत मिळत नाही. या महिन्याचे आरोग्य पान या दोन्ही घरांसाठी आहे.

बाळाचा मेंदू पहिल्या तीन वर्षांत फार झपाट्याने वाढतो. दोन वर्षांच्या बाळाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. ही वाढ नुसत्या दुधाने आणि पेजेने होत नाही. बाळाशी बोलणे, त्याला हाताळणे, त्याच्याकडे बघून हसणे, त्याला वस्तू हाताळू देणे यांतूनही ती होते. याला पैसे लागत नाहीत. पण हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावे लागते.

टप्पा म्हणजे तारीख नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी केली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या देशातली मुले दिल्लीची होती. त्यात असे दिसले की आधाराशिवाय बसणे हे कोणाला चौथ्या महिन्याच्या सुमारास जमते, तर कोणाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर. एकटे चालणे कोणी सव्वाआठ महिन्यांत सुरू करते, तर कोणी साडेसतरा महिन्यांत. ही सगळी मुले धडधाकट होती. शंभरातली चारेक मुले तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच पुढे चालू लागली.

म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. आपले बाळ मागच्या महिन्यापेक्षा काही नवीन करते का, हे बघा. ढोबळ अंदाजासाठी पुढची यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

दोन महिने : तोंडाकडे टक लावून बघते, आपण हसलो की हसते, मोठ्या आवाजाने दचकते.

चार महिने : मान धरते, आवाज आला तिकडे वळू लागते, हातात दिलेला खुळखुळा धरते.

सहा महिने : कुशीवर वळते, पालथे पडते, वस्तूकडे हात नेते, खळखळून हसते, आधार दिला की बसते.

नऊ महिने : आधाराशिवाय बसते, वस्तू या हातातून त्या हातात घेते, बा-बा, दा-दा अशी बडबड करते, नावाने हाक मारली की वळते, परक्या माणसाला बघून बिचकते.

बारा महिने : धरून उभे राहते, भाताचे शीत अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलते, टाटा करते, "जयभीम कर" म्हटले की हात जोडते, एखाददुसरा शब्द बोलते, हवे ते बोटाने दाखवू लागते.

दीड वर्ष : एकटे चालते, "चेंडू आण" म्हटले की आणते, नाक-कान दाखवते, काही शब्द अर्थ समजून बोलते.

दोन वर्षे : "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडते, धावते, चेंडूला पायाने मारते.

तीन वर्षे : लहान वाक्ये बोलते, "का?" विचारून भंडावते, इतर मुलांत खेळते.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल तर वय जन्मतारखेपासून मोजू नका, डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा. दोन महिने आधी जन्मलेले आणि आज सहा महिन्यांचे झालेले बाळ चार महिन्यांच्या बाळासारखे वागले तर ते बरोबर आहे. दोन वर्षांपर्यंत असाच हिशेब धरायचा. मात्र ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घेतलेच पाहिजेत. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ शकतो. वेळेत कळले तर दृष्टी वाचते.

घरातली कामे हीच बाळाची शाळा

"आमच्याकडे खेळणी कुठं? आणि वेळ तरी कुठं?" असे आया विचारतात. पहाटे चारला उठून डबे करायचे, नळाला पाणी आले की भांडी भरायची, मग वाळूजच्या कंपनीत नाहीतर चार घरची धुणीभांडी करायला जायचे. या दिवसात वेगळा 'खेळाचा तास' बसत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून जी कामे होतातच, त्यांतच बाळाला सामील करून घ्यायचे.

आंघोळ आणि मालिश. आपल्याकडे आजी पाय पसरून बाळाला पायावर घेते, तेल लावते. उत्तमच आहे. हात हलका ठेवा आणि तोंडाने बोलत राहा. "हा हात, हा पाय, आता पाठ." हात ओढून-पिळून बाळ लवकर चालत नाही. टाळूवर तेल थापण्याची, कानानाकात तेल टाकण्याची आणि धुरी देण्याची गरज नाही. मालिश झाली की जागेपणी काही मिनिटे बाळाला पोटावर पालथे ठेवा आणि समोर बसून बोला. तोंड बघायला ते मान उचलते, त्याने मान आणि खांदे बळकट होतात. झोपवताना मात्र नेहमी उताणेच झोपवायचे.

स्वयंपाक. सहा-सात महिन्यांच्या बाळाला शेगडीपासून लांब, आपल्याला दिसेल असे चटईवर बसवा. हातात वाटी आणि चमचा द्या. तो आपटेल, फेकेल, तोंडात घालेल. त्याला ते करू द्या. वस्तू पडली की आवाज होतो, वाटी पालथी घातली की चमचा दिसेनासा होतो, हे तो शिकतो आहे. वर्षाच्या बाळाला वाटीत वाटी घालायला द्या, डब्याचे झाकण लावायला द्या. शेंगदाणे, फुटाणे, मणी, नाणी मात्र हाताला लागू देऊ नका. ती घशात अडकतात. पाण्याने भरलेली बादलीही उघडी ठेवू नका. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडते.

भरवणे. सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर दुधासोबत घट्टसर वरण-भात, भाकरी कुस्करून, भाजी, केळी, अंडे. भरवताना बाळाकडे बघून बोला. ते तोंड फिरवते तेव्हा ते सांगत असते, "थांब". आपण थांबलो की आपले सांगणे समोरच्याला कळते, हे बाळाला उमगते. दहाव्या-अकराव्या महिन्यापासून त्याच्या हाताने खाऊ द्या. सांडेल, पण चिमटी तिथेच पक्की होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांत रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेले मूल मलूल राहते, खेळत नाही, शिकण्यात मागे पडते. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे औषध सरकारी व्यवस्थेतून मोफत मिळते. आशाताईंकडे मागून घ्या.

धुणे, भांडी, झोप. कपडे घडी घालताना "हा दादाचा शर्ट, हा लाल, हा मोठा" असे बोला. पदराआड तोंड लपवून 'कुक' करा. आई दिसली नाही तरी ती आहे, हे बाळाला त्यातून समजते. रात्री पाळणा म्हणा, भीमगीत गा. सूर चुकला तरी चालेल, बाळाला तुमचाच आवाज हवा असतो.

भाषेबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. "आमची बोली गावठी, बाळाशी शुद्ध बोलावं का? इंग्रजी शब्द शिकवावेत का?" असा संकोच अनेक आयांना वाटतो. तुम्ही घरात जी बोली बोलता, तीच बोला आणि भरपूर बोला. बोलक्या घरातले मूल पुढे मराठीही शिकते, इंग्रजीही शिकते. तुमची बोली कमी दर्जाची नाही. गप्प बसलेले घर मात्र बाळाला मागे ठेवते.

बाप आणि आजी-आजोबा

आपल्याच जिल्ह्यात आणि यवतमाळ जिल्ह्यात एकात्मिक बालविकास सेवा योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून 'आरंभ' नावाचा उपक्रम आधी राबवून पाहिला. अंगणवाडीताईंना तीन वर्षांखालच्या मुलांच्या विकासाचे प्रशिक्षण दिले गेले. घरभेटीत वजनाबरोबर खेळ आणि संवाद यांवर बोलणे सुरू झाले. गावोगावी पालक मेळावे भरले. तिथे घरातल्या वस्तूंपासून केलेल्या खेळांचे कोपरे मांडतात आणि बाप, आजी, आजोबा बाळाला घेऊन खेळायला बसतात. तुमच्या अंगणवाडीत असा मेळावा असेल तर घरातल्या पुरुषांना पाठवा. नसेल तर ताईंना विचारा, बुद्धविहाराची जागा द्या.

आपण चौकात समतेची भाषा बोलतो. ती घरात तपासायची जागा म्हणजे बाळाचे संगोपन. बापाने रोज अर्धा तास बाळाला घेतले, अंघोळ घातली, घास भरवला तर आईला श्वास घेता येतो आणि बाळाला दुसरा आवाज, दुसरा चेहरा मिळतो. आईला मारहाण होते, शिव्या मिळतात, अशा घरात बाळ भेदरलेले राहते. भेदरलेले बाळ खेळत नाही आणि शिकत नाही. बाळंतपणानंतर आई सतत रडत असेल, बाळाकडे बघत नसेल, तर "नाटक करते" म्हणू नका. तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. तिला डॉक्टरांकडे न्या.

गरिबीत हे शक्य आहे का?

हे शक्य आहे, आणि तसा पुरावाही आहे. जमैका हा गुलाम म्हणून नेलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांचा देश. तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८०च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयाच्या मानाने उंची खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुले निवडली. त्यांतल्या काही मुलांच्या घरी स्थानिक आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास, अशी दोन वर्षे जात राहिली. रिकाम्या बाटल्या, डबे, खोकी यांची खेळणी करून तिने आईला बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते दाखवले. पुढे वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ही मुले, अशी भेट न मिळालेल्या खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. पिढ्यान् पिढ्या मागे ठेवलेल्या समाजाची लेकरे 'मुळातच मंद' असतात, हे म्हणणे किती खोटे आहे ते यातून कळते. शाळेत आपल्या लेकरांना हेच ऐकवले जाते. त्याला उत्तर द्यायची तयारी पहिल्या वर्षापासून करायची आहे.

मोबाईल आणि वॉकर

बाळ जेवत नाही, रडते, म्हणून हातात मोबाईल दिला जातो. बाळ गप्प होते, पण त्या वेळात ते कोणाशी बोलत नाही आणि कोणी त्याच्याशी बोलत नाही. दोन वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्ही अजिबात नको. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको, तोही सोबत बसून. गावच्या आजीशी व्हिडिओ कॉल केला तर हरकत नाही.

चाकाच्या वॉकरने बाळ लवकर चालत नाही. उलट पायरीवरून पडते, शेगडीपर्यंत पोचते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. ते पैसे अंड्यांवर खर्च करा आणि बाळाला जमिनीवर सोडा.

या खुणा दिसल्या तर वाट बघू नका

– तीन महिन्यांचे बाळ तोंडाकडे बघत नाही, हसत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही.
– पाच महिने झाले तरी मान धरत नाही.
– अंग फार कडक किंवा कापडासारखे लुळे आहे, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरते.
– दहा महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
– वर्षाचे झाले तरी बडबड नाही, नावाला वळत नाही, टाटा करत नाही.
– दीड वर्ष झाले तरी चालत नाही, किंवा हवे ते बोटाने दाखवत नाही.
– दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही.
– डोळ्याची बाहुली पांढरी दिसते, किंवा सहा महिन्यांनंतरही डोळा तिरळा जातो.
– कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट विसरले. बोलत होते ते बंद झाले, बसत होते ते पडू लागले.

यापैकी एक जरी खूण दिसली तरी त्याच आठवड्यात दाखवा. बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा मान झुकवून, हात आखडून दचकल्यासारखे करत असेल तर त्याच दिवशी न्या. ते दचकणे नसून झटके असू शकतात. ऐकू येते की नाही हे थाळी वाजवून कळत नाही. थाळीचा हादरा बाळाला अंगाला जाणवतो, म्हणून ते वळते. कानाची तपासणी यंत्रावरच करून घ्यावी लागते.

दाखवले म्हणजे आजारच निघेल असे नाही. पुष्कळदा डॉक्टर "ठीक आहे" म्हणतात आणि आपण निर्धास्त होतो. आजार निघाला तर जितक्या लवकर व्यायाम, श्रवणयंत्र, वाचा-उपचार सुरू होतील तितका फायदा जास्त. "पाच वर्षांचा झाला की बघू" या वाक्याने फार नुकसान केले आहे.

आणखी एक स्पष्ट बोलू. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण गंडेदोरे सोडले. तरीही बाळ बोलत नाही म्हटले की कोणीतरी गुपचूप अंगारा आणतो, कोणी दृष्ट काढतो, कोणी सुनेच्या 'पायगुणा'वर बोट ठेवतो. बाळातला दोष म्हणजे आईचा दोष नव्हे आणि मागच्या जन्माचे पापही नव्हे. त्याला कारण असते आणि उपाय शोधता येतो. अंगाऱ्यात गेलेले सहा महिने बाळाच्या उपचारातून वजा होतात.

कुठे जायचे, काय मागायचे

गरोदरपणात मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड लसीच्या दिवशीच बाहेर काढू नका. त्यात वजनाचा तक्ता आहे, तसे विकासाचे टप्पेही चित्रांसह आहेत. ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाताना ते सोबत न्या. तिथल्या अंगणवाडीतही तुमच्या बाळाचा हक्क आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचे असते. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही घरभेट ठरलेली आहे. त्या आल्या की वजनाबरोबर टप्पेही बघायला सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर तपासते. पुढचे उपचार मोफत असतात. तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी कामावरून अर्धा दिवस काढा. पथकाची वाट बघण्याइतका वेळ नसेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा घाटीच्या बालरोग विभागात थेट जा आणि 'जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा'ची चिठ्ठी मागा. जाताना कार्ड, जन्माचे कागद आणि बाळाच्या वागण्याचा मोबाईलवर काढलेला छोटा व्हिडिओ न्या. तिथे गर्दी असते, डॉक्टरांना दोन मिनिटे मिळतात. काय दिसते, कधीपासून दिसते, हे दोन वाक्यांत लिहून नेले तर ती दोन मिनिटे कामी येतात. "नंतर या" असे सांगितले तर तारीख कागदावर लिहून घ्या.

आईला वेळ मिळाला पाहिजे

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. कंत्राटी कामगार, घरकामगार, भट्टीवरच्या आया यांच्यापर्यंत हे क्वचितच पोचते. मग तान्हे बाळ दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर जाते. बाळाचा विकास अडतो आणि त्या मुलीची शाळाही बुडते.

म्हणून या पानावरचे काम दोन ठिकाणी करायचे आहे. घरात बाळाशी बोलायचे, त्याचे टप्पे बघायचे, शंका आली की त्याच आठवड्यात न्यायचे. वस्तीत महिला मंडळाने आणि विहार समितीने तीन वर्षांखालच्या मुलांची यादी करायची, पथकाची तारीख फळ्यावर लिहायची, एकट्या आईसोबत दवाखान्यात कोणीतरी जायचे आणि कंपन्यांकडे, महापालिकेकडे पाळणाघर मागायचे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढा आणि यादीला सुरुवात करा.

जयभीम!